शनिवारी साडेसहा ते मंगळवारी दुपार: २०२४ च्या एक्झिट पोलची केस

१ जून २०२४, शनिवार. लोकसभेचा सातवा म्हणजे शेवटचा टप्पा त्या दिवशी होता. कायद्याने संध्याकाळी साडेसहापर्यंत एक्झिट पोल दाखवायला बंदी (लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६ अ), त्यामुळे सगळ्या चॅनलवर सहापासूनच उलटी मोजणी सुरू, थर्टी फर्स्टच्या रात्री असते तशी. आमचा जुन्या मित्रांचा एक ग्रुप आहे, त्यात एक कट्टर इकडचा (सत्ताधाऱ्यांचा), एक कट्टर तिकडचा (विरोधकांचा), एक शेअर मार्केटवाला, आणि मी. मी काही वर्षं सर्वेचा डेटा साफ करायचं काम केलंय, साबण-बिस्किटांचे सर्वे, राजकारणाचे नाही, पण फॉर्म भरणारा पोरगा उन्हात कंटाळला की काय करतो ते मला चांगलं माहितीये. त्यामुळे असल्या वेळी ग्रुपवर सगळे मला विचारतात की काय रे, खरं असतं का हे.

ही केस मी का लिहायला घेतली ते सांगतो. एक्झिट पोल चुकले हे सगळ्यांना माहितीये, त्यात नवीन काही नाही. मला जास्त रस आहे तो मधल्या काळात. शनिवारी साडेसहा ते मंगळवारी सकाळी आठ, साडेएकसष्ट तास होतात. लोकसभेचं एकही ईव्हीएम उघडलेलं नव्हतं, पण त्या तासांत देशात सरकारही बनलं, बाजारही चढला, विरोधी पक्ष हरलेही, आणि का हरले त्याची कारणमीमांसाही छापून आली. ते सगळं कशाच्या जोरावर झालं ते बघायचंय.

आकडे काय होते

एनडीएला ॲक्सिस माय इंडियाने ३६१ ते ४०१ दिले, टुडेज चाणक्यने ४०० (पंधरा इकडे-तिकडे), इंडिया टीव्ही-सीएनएक्सने ३७१ ते ४०१, जन की बातने ३६२ ते ३९२, सी-व्होटरने ३५३ ते ३८३. दैनिक भास्करचा अंदाज होता २८१ ते ३५०, तो कुठेतरी कोपऱ्यात होता. चॅनलवाल्यांनी मग या सगळ्यांची सरासरी काढली, पोल ऑफ पोल्स, ती आली ३६५ च्या आसपास.

खरा निकाल: एनडीए २९३, इंडिया आघाडी २३४, एकट्या भाजपला २४०. म्हणजे नावाजलेल्या पोलपैकी बहुतेकांच्या खालच्या टोकापेक्षाही निदान साठ जागा कमी. ज्याच्या पट्ट्यात २९३ बसले तो भास्करचाच, आणि तो पट्टाच ६९ जागांचा होता, वर इंडिया आघाडीला त्यांनी जास्तीत जास्त २०१ दिलेले, म्हणजे तिकडे तेही चुकले. पण मला तो रुंद पट्टा त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतो. अडचण एवढीच की "२८१ ते ३५०" वर दोन तास डिबेट होत नाही. "चारसो पार होणार का" यावर होतं.

आणि हाच खरा मुद्दा आहे. फेब्रुवारीत संसदेत पंतप्रधानांनी एनडीए ४०० पार, भाजप ३७० असं म्हटलेलं, तेव्हा ती घोषणा होती. शनिवारी संध्याकाळी ती घोषणा सर्वेच्या आकड्यात बसली. तोपर्यंत निदान वादापुरता प्रश्न होता की कोण जिंकणार. साडेसहानंतर प्रश्न झाला ४०० होणार की ३७० वर थांबणार. हा बदल कोणी जाहीर केला नाही, कोणी भांडलंही नाही, आमच्या ग्रुपवरचा तिकडचा कट्टर मित्रसुद्धा "३२० च्या वर जाणार नाहीत बघ" असं म्हणायला लागला, म्हणजे विरोध करताना पण त्याने मैदान यांचंच घेतलं. मीही ३३० म्हटलं होतं, खोटं कशाला बोलू.

विश्वास उगाच नव्हता

पोलवाल्यांना एकदम चोर ठरवायचं असेल तर २०१९ आठवा. त्या वर्षी ॲक्सिसने एनडीएला ३३९ ते ३६५ सांगितलेले आणि निकाल साडेतीनशेच्या जरासा वर, पट्ट्याच्या अगदी मधोमध. त्यामुळे २०२४ ला लोकांनी डोळे झाकून मान डोलावली त्याला कारण होतं. शिवाय सॅम्पल किती, तर साडेपाच लाखांच्या वर. सामान्य माणूस म्हणणार, एवढ्या लोकांना विचारलंय म्हणजे बरोबरच असणार.

इथे मला थांबून सांगावंसं वाटतं कारण हीच गल्लत मी ऑफिसात पण शंभरदा बघितलीये. सॅम्पल मोठा केला की एक प्रकारची चूक कमी होते, नशिबाची चूक. हजार लोक नीट निवडले असतील तर साधारण तीन टक्क्यांची चूक, दहा हजार असतील तर एक टक्क्याची. पण माणसं निवडण्यातच खोट असेल, किंवा विशिष्ट माणसं खरं सांगतच नसतील, तर लाख काय नि दहा लाख काय, तुम्ही तीच चूक मोठ्या आत्मविश्वासाने करता. १९३६ साली अमेरिकेत लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकाने जवळपास एक कोटी लोकांना कार्डं पाठवली, वीस लाखांच्या वर परत आली, आणि त्यांनी छातीठोक सांगितलं की रूझवेल्ट हरणार. रूझवेल्टने ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. त्याच वेळी जॉर्ज गॅलप पन्नास हजारांच्या आसपास सॅम्पल घेऊन विजेता बरोबर सांगून गेला.

आणि पोल ऑफ पोल्सचं काय, तर सरासरी काढून चूक तेव्हाच कमी होते जेव्हा कोणी वर चुकलाय, कोणी खाली चुकलाय. सगळे एकाच बाजूला चुकलेले असतील तर सरासरी म्हणजे त्याच चुकीवर सगळ्यांची सही. दहा घड्याळं पंधरा मिनिटं पुढे असतील तर त्यांची सरासरीपण पंधरा मिनिटं पुढेच.

चूक नेमकी कुठे झाली

देशाच्या आकड्याकडे बघून काही कळत नाही, राज्यं उघडून बघावी लागतात. ॲक्सिसचंच घेतो, कारण त्यांनी राज्यवार स्पष्ट आकडे दिलेले, आणि जो स्पष्ट सांगतो त्याचीच चिरफाड करता येते, हा पण एक अन्यायच आहे म्हणा. त्यांच्या पट्ट्याचा मध्य ३८१, निकाल २९३, फरक ८८.

उत्तर प्रदेशात एनडीएला ६७ ते ७२ सांगितलेले, मिळाले ३६. बंगालमध्ये भाजपला २६ ते ३१, मिळाले १२. आपल्याकडे महाराष्ट्रात २८ ते ३२, मिळाले १७. या तीन राज्यांचा फरक मिळून साधारण ६३ होतो. म्हणजे ८८ मधल्या ६३ जागा तीन राज्यांनी खाल्ल्या, बाकी अख्ख्या देशात मिळून पंचवीस.

आता यूपीत काय झालं तर भाजपची मतं २०१९ च्या जवळपास ५० टक्क्यांवरून ४१ वर आली आणि समोर सपा-काँग्रेस एकत्र. आपल्या सिस्टिममध्ये मतांवरून जागा काढणं हे सर्वेपेक्षा अवघड काम आहे. देशपातळीवर भाजपची मतं ३७.४ टक्क्यांवरून ३६.६ वर आली, एक टक्कासुद्धा नाही, आणि जागा ३०३ वरून २४०. त्यामुळे एखाद्याने मतांची टक्केवारी बऱ्यापैकी बरोबर मोजली तरी जागांमध्ये तोंडावर आपटू शकतो, कारण मतं कुठे कमी झाली आणि समोरची मतं किती एकवटली यावर सगळं ठरतं. डेव्हिड बटलर आणि प्रणय रॉय यांनी कित्येक वर्षांपूर्वी विरोधकांच्या एकीचा निर्देशांक काढला तो याच भानगडीसाठी. तरी स्क्रीनवर मतांची टक्केवारी बारीक अक्षरात आणि जागा भल्यामोठ्या, कारण जागा म्हणजे सरकार.

महाराष्ट्राची केस तर मला वेगळीच वाटते आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. सर्वेत एक नेहमीची युक्ती असते, माणसाला विचारायचं की मागच्या वेळी कोणाला मत दिलं होतं, आणि त्याची उत्तरं मागच्या खऱ्या निकालाशी जुळवून वजन लावायचं, म्हणजे सॅम्पलमध्ये एका पक्षाचे लोक जास्त आले असतील तर ते दुरुस्त होतं. आता २०२४ ला महाराष्ट्रात ही युक्ती चालवून बघा. माणूस म्हणतो २०१९ ला शिवसेना. पण ती शिवसेना भाजपबरोबर होती आणि आता तिचे दोन तुकडे, एक इकडे एक तिकडे, धनुष्यबाण एकाकडे आणि मशाल दुसऱ्याकडे. दुसरा म्हणतो राष्ट्रवादी. कुठली? घड्याळवाली की तुतारीवाली? ज्या मापाने मोजायचं ते मापच मधून फुटलेलं.

त्यावर साताऱ्याचा किस्सा. शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, आणि साताऱ्यात एका अपक्षाला मिळालेलं ट्रम्पेट, लोक त्याला पिपाणी म्हणायला लागले. त्या पिपाणीला ३७,०६२ मतं पडली आणि उदयनराजे निवडून आले ३२,७७१ च्या फरकाने. त्यातली किती मतं चुकून पडली हे कोणालाच सांगता येणार नाही. पण विचार करा, केंद्राबाहेर आलेल्या आजोबांना सर्वेवाल्या पोराने विचारलं आणि ते "तुतारी" म्हणाले. ते खरं बोलले. फॉर्म बरोबर भरला गेला. आणि मशीनमध्ये कदाचित भलतंच बटण दाबलेलं. मुंबई उत्तर-पश्चिमला तर ४८ मतांनी निकाल लागला, अठ्ठेचाळीस, आमच्या बिल्डिंगमध्ये याच्यापेक्षा जास्त लोक राहतात.

मग येतो खरं न सांगण्याचा प्रश्न. मतदान गुप्त असतं पण एक्झिट पोल चारचौघांत असतो. केंद्राबाहेर पक्षाचे बूथवाले उभे, गावात सगळे एकमेकांना ओळखतात, आणि एक अनोळखी पोरगा टॅब घेऊन विचारतो कोणाला दिलं. ज्याला वाटतं की वारं एका बाजूचं आहे आणि आपण दुसऱ्या बाजूला दिलंय, तो काय करेल? एक तर "नको बाबा" म्हणून निघून जाईल, नाहीतर जो जिंकणार वाटतोय त्याचं नाव सांगून मोकळा होईल. दोन्ही केसमध्ये चूक एकाच दिशेला जाते, जो आधीच जिंकणार वाटतोय त्याच्याच. काही संस्था हातात नकली मतपत्रिका देऊन पेटीत टाकायला लावतात, त्याने फरक पडतो, पण ते खर्चिक आणि वेळखाऊ, आणि चॅनलला साडेसहाला आकडा हवा असतो. मी काम करायचो तिथे "प्रतिसाद दिला नाही" हा कॉलम रिपोर्टमधून सगळ्यात आधी उडायचा, क्लायंटला आवडायचा नाही म्हणून.

सोमवार आणि मंगळवार

रविवारी दोन तारखेला पंतप्रधानांच्या बैठकांच्या बातम्या, पहिल्या शंभर दिवसांचा अजेंडा वगैरे. विरोधकांकडून राहुल गांधी म्हणाले हा एक्झिट पोल नाही, मोदी मीडिया पोल आहे, आणि खर्गेंनी आदल्या दिवशीच इंडिया आघाडीला २९५ मिळतील असं सांगून ठेवलेलं. गंमत म्हणजे तो २९५ चा आकडापण साठ जागांनी चुकला, पण त्याचं पोस्टमॉर्टम कोणी केलं नाही, कारण तो नेत्याचा आकडा होता, सर्वेचा नाही. नेता बोलला की लोक मनातल्या मनात निम्मं करतात. सर्वेचा आकडा आला की निम्मं करायचं विसरतात. सगळी ताकद तिथे आहे.

सोमवारी तीन जूनला बाजार उघडला तो धावतच. सेन्सेक्स २,५०७ अंकांनी वर, ७६,४६८ वर बंद, त्यावेळचा विक्रम. आमच्या मार्केटवाल्या मित्राने सकाळी सरकारी कंपन्यांचे शेअर घेतले, ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला, आणि खाली लिहिलं "पार्टी मंगळवारी". मंगळवारी चार तारखेला सेन्सेक्स ४,३८९ अंकांनी पडला, ५.७४ टक्के, बंद ७२,०७९, म्हणजे शुक्रवारी जिथे होता त्याच्याही खाली. दिवसभरात मध्ये तर सहा हजारांच्या वर आपटलेला. एका दिवसात साधारण ३१ लाख कोटींचं बाजारमूल्य गेलं अशी बातमी होती. नंतर सहा तारखेला राहुल गांधींनी एक्झिट पोलच्या आडून बाजारात घोटाळा झाल्याचा आरोप करत संयुक्त संसदीय समितीच्या चौकशीची मागणी केली, पियुष गोयलांनी उत्तर दिलं की उलट परदेशी गुंतवणूकदारांनी महागात घेतलं आणि भारतीयांनी नफा कमावला. मला त्या आरोपावर काही म्हणायचं नाही, माझ्याकडे पुरावा नाही. मला फक्त एवढं दिसतं की सोमवारचे अडीच हजार अंक एका न मोजलेल्या निवडणुकीवर चढले होते, आणि त्याच्या आधी दोन दिवस कोणीही कुठल्याच कंपनीचा ताळेबंद बदलला नव्हता.

मित्राने मंगळवारी दुपारी घाबरून विकून टाकले. शुक्रवारी सात तारखेला सेन्सेक्स ७६,६९३ वर, सोमवारच्याही वर. तीन दिवसांत. तो अजून त्या विषयावर बोलत नाही.

मोजपट्टी मोडली तरी मोजणं चालूच

मंगळवारची संध्याकाळ मला सगळ्यात विचित्र वाटली. बहुमताला २७२ लागतात, एनडीएकडे २९३. सरकार त्यांचंच, पंतप्रधान तेच, सलग तिसऱ्यांदा. तरी टीव्हीवर जिंकलेल्यांचे चेहरे पडलेले आणि हरलेल्यांच्या ऑफिसात गुलाल. भाजपचं एकट्याचं बहुमत गेलं हे खरंच, ते छोटं नाही, त्याचा अर्थ आहेच. पण समजा शनिवारी एकही एक्झिट पोल आला नसता आणि मंगळवारी थेट २९३ आले असते, तर हेडलाईन काय असती? मला वाटतं "एनडीएची हॅटट्रिक, पण जागा घटल्या". आली ती साधारण "धक्का" या शब्दाने आली. धक्का कशाच्या तुलनेत, तर काही अंशी त्या घोषणेच्या आणि बऱ्याच अंशी शनिवारच्या त्या ३६५ च्या, जे कधी अस्तित्वातच नव्हते. पोल खोटा ठरला त्याच दिवशी लोक निकालाला त्याच पोलच्या पट्टीने मोजत होते, आणि यावेळी त्याचा फायदा दुसऱ्या बाजूला झाला. त्यामुळे "पोल नेहमी सत्ताधाऱ्यांच्या फायद्याचे" हे पण मला पटत नाही. जिंकणाऱ्याला जास्त दाखवलं तर त्याचा विजय पण पराभवासारखा दिसतो.

त्याच दिवशी ॲक्सिसचे प्रदीप गुप्ता लाईव्ह कार्यक्रमात रडले, ती क्लिप सगळीकडे फिरली, लोकांनी मीम केले. मला ते मीम आवडले नाहीत. तो माणूस निदान कॅमेऱ्यासमोर बसला होता. माझी तक्रार रडण्याबद्दल नाहीये, त्याच्यानंतर काय झालं त्याबद्दल आहे. ब्रिटनमध्ये २०१५ ला मतदानाआधीचे जवळपास सगळे पोल काट्याची टक्कर सांगत होते आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला सरळ बहुमत मिळालं, तेव्हा पोलवाल्यांच्याच संघटनेने पॅट्रिक स्टर्जिस या प्राध्यापकांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र चौकशी लावली, पुढच्या वर्षी अहवाल छापला, आणि त्यात स्पष्ट लिहिलं की सॅम्पलमध्येच खोट होती, प्रातिनिधिक नव्हते. आपल्याकडे त्या तोडीचं काही माझ्या बघण्यात आलं नाही. मुलाखती झाल्या, खुलासे झाले, आणि गाडी पुढच्या निवडणुकीला.

पुढची होती हरियाणा. ५ ऑक्टोबरला मतदान, बहुतेक एक्झिट पोल म्हणाले काँग्रेस आरामात. आणि आमच्या ग्रुपवरचा तो तिकडचा कट्टर, ज्याने जूनमध्ये "सगळे विकले गेलेत" असं लिहिलेलं, त्याने तेच पोल एकापाठोपाठ एक फॉरवर्ड केले, त्याच कंपन्या, तेच लोगो. आठ तारखेला भाजप ४८, काँग्रेस ३७. मी त्याला जूनचा मेसेज कोट करून पाठवला, त्याने अंगठा दिला फक्त. इकडच्या कट्टरने उलट केलं, जूनमध्ये पोल म्हणजे विज्ञान होतं, ऑक्टोबरमध्ये अफवा. याला आपण पोलवरचा अविश्वास म्हणतो, पण दोघांनी पोलची पद्धत एकदाही विचारली नाही, फक्त उत्तर आवडलं का तेवढं बघितलं.

मी तेव्हापासून एक करतो, पोल दाखवायच्या आधी माझा अंदाज कागदावर लिहून ठेवतो, तारीख-वेळ टाकून, म्हणजे नंतर "मला वाटलंच होतं" म्हणायची सोय राहत नाही. २० नोव्हेंबरला महाराष्ट्र विधानसभेचं मतदान झालं, संध्याकाळी पोल यायच्या आधी मी महायुतीला १६० लिहिले आणि कागद फ्रिजवर लावला. मग पोल आले, बरेचसे माझ्याच आसपास, ॲक्सिसने एक दिवस थांबून १७८ ते २०० सांगितले, ते मला तेव्हा फार जास्त वाटले होते. तेवीस तारखेला महायुतीच्या जागा २३० आल्या. सत्तर जागांनी चुकलो, आणि तेही २८८ मध्ये. कागद अजून फ्रिजवरच आहे, बायको म्हणते काढ आता तो.